मुलगा सारखा धडपडतो, बोलतानाही अडतो. काय समजायचं?

इंदिरानगरचा बाबा: धाकटा आठवीत. वर्षभरात असा ताडमाड वाढला की शाळेची पँट नडगीवर आली. चौकटीला खांदा आपटतो, तांब्या हातात टिकत नाही. परवा औरंगाबाद रोडला एका लॉन्सवर लग्न होतं, पठ्ठ्या हौसेने मठ्ठा वाढायला गेला आणि जग थेट नवरदेवाच्या काकांच्या मांडीवर. कुणी नाव विचारलं की पहिल्याच अक्षराला अडतो. पाहुणे आले की गच्चीवर पळतो. घरचे 'वेंधळा' म्हणून मोकळे होतात. मला हे सगळं एकच दुखणं वाटत नाही.

थेरपीवाली ताई, पंचवटी: नाहीच आहे एक. धडपड आत्ताच सुरू झाली असेल तर वाढीचा भाग. हातपाय आधी लांबतात, धड मागून येतं. शरीराचा अंदाज काही काळ जुन्या मापाचाच राहतो. पण बटणं, बुटाची लेस, अक्षर हे सगळं लहानपणापासूनच जड जात असेल तर डीसीडी, म्हणजे हालचालींचा ताळमेळ नीट न जमण्याची अडचण, आहे का ते तपासून घ्या. ५ ते ११ वर्षांच्या मुलांत ५ ते ६ टक्के प्रमाण धरतात. बुद्धीशी त्याचा संबंध नाही. जे काम जमत नाही त्याचाच तुकड्या-तुकड्याने सराव करून घेतात.

सातपूरकर: तोतरेपणाचं मी सांगतो, स्वतः अडतो म्हणून. बाकी शब्द ऐनवेळी बदलता येतात. 'मंगळवार' अडला की 'उद्या' म्हणायचं. नावाला दुसरा शब्द कुठून आणणार? कंपनीच्या गेटवर वॉचमन नाव विचारतो तेव्हा अजूनही घाम फुटतो, आरती मात्र खणखणीत म्हणतो. त्याला 'सावकाश बोल' म्हणू नका, शब्द पुरा करून देऊ नका. बघत राहा, थांबा. आणि स्पीच थेरपिस्ट गाठा, आपोआप जाईल म्हणून बसू नका.

जुनं नाशिक: पाहुण्यांपुढे उभं करून 'बोल ना काकांशी' हा छळ आधी बंद करा. पुढच्या रंगपंचमीला तिवंध्याच्या रहाडीत, म्हणजे रंगाच्या पाण्याने भरलेल्या जुन्या हौदात, पाठवा. तिथे उडी कशीही पडली तरी लोक ओरडतातच.

इंदिरानगरचा बाबा: लेस तो चौथीपासून नीट बांधतो, अक्षरही बरं आहे. म्हणजे धडपडीचं टेन्शन नको. बोलण्याचं बघतो, पण त्याला विचारूनच. गंगापूर रोडकडे एवढ्या मोठ्या मुलांना बघणारं कुणी आहे का?