पेपर पाच महिने अंडर रिव्ह्यू, आणि एक जर्नल दहा दिवसांत छापतो म्हणतंय. काय करू?

नमस्कार मंडळी, पीएचडीचं शेवटचं वर्ष आहे, आमच्या युनिव्हर्सिटीत थिसिस जमा करायच्या आधी जर्नलमधे छापलेला एक तरी रिसर्च पेपर लागतो आणि माझं घोडं तिथेच अडलंय. पहिल्या जर्नलने आठवड्यात परत पाठवला, रिव्ह्यूला, म्हणजे तज्ज्ञांकडे तपासायला, गेलाच नाही, म्हणे विषय स्कोपमधे बसत नाही. चूक माझीच, इम्पॅक्ट फॅक्टर (जर्नलमधल्या लेखांचा इतर लेखांत सरासरी किती उल्लेख होतो तो आकडा) बघून पाठवला, त्यांचे मागचे अंक उघडूनही पाहिले नव्हते. दुसरीकडे पाठवून पाच महिने झाले, स्टेटस हलत नाही.

परवा एक मेल आला, फी भरा, रिव्ह्यूसकट दहा दिवसांत पब्लिश करतो. साइटवर स्कोपसचा (निवडक जर्नलची नोंद ठेवणारा डेटाबेस) लोगो आहे, आयएसएसएन आहे, बोर्डवर मोठी नावं आहेत. गाइड म्हणतात थांब, पण मुदत जवळ आलीय, झोप लागत नाही खरंच. दोन्हीकडे एकदम ठेवला तर चालतो का?

प्रतिसाद १:
ताई, दोन्हीकडे अजिबात नको. सबमिट करताना 'हा लेख दुसरीकडे विचाराधीन नाही' यावर टिक केलेली असते, कळलं तर दोन्हीकडून जाईल. आणि आयएसएसएन म्हणजे नुसता ओळख क्रमांक, दर्जाचा शिक्का नाही. लोगो कोणीही चिकटवतं, म्हणून स्कोपसच्या स्वतःच्या यादीत शोधा, आणि साइटचा पत्ताही ताडून बघा, कारण चांगल्या जर्नलचं नाव आणि नंबर उचलून खोट्या साइट उभ्या करतात. 2013 साली सायन्स या नियतकालिकासाठी जॉन बोहॅनन या पत्रकाराने मुद्दाम ढोबळ चुका घातलेला बनावट पेपर 304 ओपन अॅक्सेस (कोणालाही फुकट वाचता येणाऱ्या) जर्नलना पाठवला होता, 157 जणांनी घेतला! असल्या जर्नलमधे एकदा छापला की तोच पेपर चांगल्या ठिकाणी देता येत नाही, वर्षांची मेहनत गेली.

प्रतिसाद २:
पाच महिने बऱ्याच विषयांत नेहमीचं आहे, रिव्ह्यूअर मिळता मिळत नाहीत. एडिटरला मॅनुस्क्रिप्ट नंबर टाकून दोन ओळींचा मेल करा. काढून घ्यायचाच असेल तर लेखी विड्रॉ करा आणि त्यांचं उत्तर येईपर्यंत दुसरीकडे पाठवू नका. नुसतं अॅक्सेप्टन्स लेटर चालतं का तेही युनिव्हर्सिटीत विचारा, बऱ्याच ठिकाणी चालतं.

धागाकर्ती:
खूप आभार दोघांचे. यादीत ते नाव सापडलं, पण साइटचा पत्ता वेगळाच आहे, हात थरथरले बघून, उद्या फी भरणार होते. एडिटरला मेल लिहायला घेतलाय. त्यात थिसिसच्या मुदतीचं सांगू का, की त्याने उलट परिणाम होईल?