मदत हवी आहे: मामांच्या पत्रा शेडच्या धंद्याची वेबसाइट आहे, पण फोन काही येईना

नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच धागा काढतोय, चुकलं माकलं तर सांभाळून घ्या. आधी शोधून बघितलं, क्लासवाले, केकवाले, योगावाले सगळ्यांच्या वेबसाइटवर इथं चर्चा झालीये, पत्रेवाल्यांवर कुणीच काही विचारलेलं नाही.

तर माझे मामा धायरीला असतात, रूफिंगची कामं घेतात, बावीस वर्षं झाली. भोसरी चाकणकडं कंपन्यांच्या शेड, सोसायट्यांच्या गच्चीवर पत्र्याची शेड, मुळशीकडं फार्महाऊसवर कौलं चढवणं, आणि मे संपत आला की गळतीची किरकोळ कामं. आत्तापर्यंत सगळं तोंडोतोंडी चाललं पण आता लोक मोबाईलवर शोधतात म्हणून मागच्या वर्षी ओळखीतल्या एकाकडून पस्तीस हजाराला वेबसाइट करून घेतली. एवढ्या महिन्यांत फोन आले मोजून चार, त्यातला एक कर्ज हवंय का विचारणारा. आणि मी बीकॉम झालोय तर "तू कॉम्प्युटरवाला आहेस ना, बघ जरा" म्हणून हे माझ्या गळ्यात.

साइट उघडली की पहिल्यांदा सरकते फोटो येतात, तीन. तिन्हीत अमेरिकेतली घरं, काळ्या शिंगल्सची उतरती छपरं, एकावर तर चक्क बर्फ साचलाय. सिंहगड रोडला बर्फ! एका काकूंनी फोन करून खरोखर विचारलं की तुमचं पुण्यात काम असतं का हो. खाली इंग्रजीत लांबलचक मजकूर, आम्ही दर्जेदार सेवा देतो टाइप, त्यात मामांनी केलेल्या एकाही कामाचं नाव नाही. मामांचे खरे फोटो आहेत, भरपूर आहेत, पण सगळे व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर, अर्धे धुरकट.

आता मला हे कळत नाहीये की साइट मोडून नवी करायची का आहे तीच सुधारायची, मराठीत ठेवावी का इंग्रजीत, भाव टाकावेत का (मामा म्हणतात अजिबात नको, समोरचा पार्टी बघून पाच रुपये कमी करणार), आणि साइट करणारा म्हणतोय अजून पंधरा हजार द्या, कोथरूड, वारजे, बाणेर, हडपसर अशी चाळीस भागांची चाळीस पानं करून देतो मग गूगलवर वर येईल. हे खरं आहे का? बजेट फारसं नाही.

प्रतिसाद:
चाळीस पानांचे पैसे अजिबात देऊ नकोस. मजकूर तोच आणि फक्त गावाचं नाव बदललेलं अशा पानांना गूगल डोअरवे म्हणतं आणि ते त्यांच्या नियमात स्पॅममध्ये मोडतं. त्यापेक्षा कामाप्रमाणे पानं कर, कंपनी शेड वेगळं, गच्चीची शेड वेगळं, कौलं वेगळं, गळती वेगळं. गळतीवाल्याला आजच्या आज माणूस हवा असतो, कंपनीवाल्याला कोटेशन, दोघांना एकाच पानावर कोंबलं की दोघंही पळतात.

साइटच्याही आधी गूगलवर बिझनेस प्रोफाइल आहे का बघ, ज्याला २०२१ पर्यंत माय बिझनेस म्हणायचे ते. फुकट असतं. दुकान नसेल, घरूनच धंदा असेल तर पत्ता लपवून फक्त कुठल्या भागात काम करता तेवढं टाकता येतं. पडताळणीला बऱ्याचदा व्हिडिओ मागतात, तेव्हा मामांचा टेम्पो, ड्रिल मशीन, पत्र्यांची थप्पी दाखवायची. काम संपलं की त्याच दिवशी गिऱ्हाइकाला रिव्ह्यूची लिंक पाठवायची, पण रिव्ह्यूच्या बदल्यात डिस्काउंट वगैरे द्यायचा नाही, ते चालत नाही त्यांना.

आणि डोमेन, म्हणजे साइटचा पत्ता, कुणाच्या नावावर आहे ते आजच्या आज विचार. करून देणाऱ्याच्या नावावर असेल तर आधी मामांच्या नावावर करून घे, बाकी सगळं नंतर.

प्रतिसाद:
मी आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी आहे (हौसेनं नाही, कुणी उभं राहीना म्हणून). गेल्या वर्षी आम्ही गच्चीवर शेड घातली. आमच्याकडं असं होतं की सप्टेंबर संपायच्या आत एजीएम (वार्षिक सभा), त्यात गळतीवर दोन तास भांडण, मग ठराव, मग तीन कोटेशन. तर मी साइटवर काय बघितलं ते सांगतो. काम आमच्यासारख्या बिल्डिंगवर केलंय का, जीएसटी बिल मिळेल का, गॅरंटी कशाची आणि किती वर्षं, आणि माणसांचा विमा आहे का. शेवटचं महत्त्वाचं आहे. एका पार्टीचे फोटो मस्त होते पण त्यात सातव्या मजल्यावर पत्र्याच्या टोकाशी एक पोरगा स्लीपर घालून उभा, बेल्ट नाही हेल्मेट नाही. आमच्या चेअरमननी तिथंच फुली मारली, पडला तर पोलीस आमच्या दारात येणार.

भावाचं म्हणाल तर आकडा नका टाकू, पण भाव कशावर ठरतो ते तरी लिहा. आम्हाला तीन कोटेशन आली ती तीन वेगवेगळ्या भाषेत होती, एकानं स्क्वेअर फुटावर, एकानं लोखंड किलोवर आणि पत्रा वेगळा, तिसऱ्यानं नुसता एकच आकडा. तुलना करायची कशी?

प्रतिसाद:
बर्फाचा फोटो काढू नका, महाबळेश्वरची कामं मिळतील. 😄

धागाकर्ता:
सेक्रेटरीकाका, तुम्ही लिहिलेलं मामांना वाचून दाखवलं. ते हसले आणि चहा पिता पिता अर्धा तास बोलले, ते सगळं मी रेकॉर्ड केलंय. म्हणे पार्टी विचारते पत्रा कितीचा, सगळे सांगतात पॉइंट ५०, म्हणजे अर्धा मिलिमीटर, पण ते कोटिंग धरून का नुसतं लोखंड हे कुणीच विचारत नाही, कोटिंग धरून असेल तर आतला पत्रा कमी जाडीचा येतो आणि भावातला फरक तिथंच मुरतो. शिवाय स्पॅन (दोन खांबांतलं अंतर) किती, माल लिफ्टनं जातो का दोर लावून ओढायचा, जुना पत्रा उतरवून कोण नेणार. आणि गळती निम्म्या वेळा पत्र्यातून नसतेच, स्क्रूखालचा रबर वायसर उन्हानं कडक होऊन चिरतो आणि पाणी तिथून शिरतं, लोक मात्र वरून डांबर फासत बसतात. यातलं साइटवर एक अक्षर नाही! हे असंच्या असं मराठीत टाकलं तर चालेल का, का फार साधं वाटेल?

प्रतिसाद (पहिलाच मी):
अरे हेच टाक, असंच टाक, वायसरचा जवळून काढलेला फोटो लावून. मराठी मुख्य ठेव, कंपनी शेडचं पान तेवढं इंग्रजीतही कर कारण तिथं परचेसवाला कुठलाही असू शकतो. गच्चीवर शेडला परवानगी लागते का हा प्रश्न सगळे विचारतात, ते मात्र आर्किटेक्टला विचारून लिही, अंदाजपंचे नको.

सरकते फोटो काढून टाक, त्या जागी एकच खरा फोटो आणि बोटाला सहज सापडेल असं फोनचं बटण, पान कितीही खाली सरकवलं तरी दिसणारं. फोटो बाराशे पिक्सेल रुंद करून वेबपी या हलक्या फॉरमॅटमध्ये टाक, मोबाईलचे चार चार एमबीचे तसेच चढवू नकोस. मग पेजस्पीड इन्साइट्सवर (साइटचा वेग मोजणारं गूगलचं फुकट टूल) मोबाईलचा आकडा बघ, मुख्य फोटो अडीच सेकंदांत दिसला पाहिजे. नवी साइट कशाला, आहे त्यातच होईल. आणि फॉर्म भरला तर मेल कुठं जातो ते तपासलंस का? व्हॉट्सअ‍ॅपचं बटण चालतंय का?

धागाकर्ता:
लाज वाटतीये लिहायला. व्हॉट्सअ‍ॅपच्या लिंकमध्ये नंबरच्या आधी ९१ हवं होतं तिथं शून्य टाकलेलं, नंबर चुकीचा आहे असं येत होतं, वर्षभर कुणी दाबूनच बघितलं नाही, मीसुद्धा. आणि फॉर्म जायचा इन्फो नावाच्या मेलवर, त्याचा पासवर्ड मामांना माहीतच नव्हता. काल मिळवला. आत चौदा चौकश्या पडून. एक अठ्ठावीस मेची, पाऊस यायच्या आत गच्चीवर शेड हवी आहे म्हणून. त्याच माणसाची परत नऊ जूनला, एकाच ओळीची, "कुणी आहे का?"

डोमेन मामांच्या नावावर करायला टाकलंय, साइट करणारा जरा कुरकुरला पण देतो म्हणाला.

रविवारी मामांनी एकेकाला फोन लावले, उशिराबद्दल माफी मागत. बहुतेकांची कामं झालेली, दोघांनी फोन कापला. कुणी आहे का वाला वडगाव बुद्रुकचा निघाला, म्हणाला शेड केली हो दुसऱ्याकडून, पण भिंतीच्या कडेनं गळतीये, बघून जाता का. मामा आत्ता तिकडंच गेलेत. फोटो आधीचे आणि नंतरचे दोन्ही काढा, मला डॉक्युमेंट म्हणून पाठवा नुसते व्हॉट्सअ‍ॅपवर टाकू नका, आणि वर चढाल तेव्हा बूट आणि बेल्ट, असं तीनदा बजावून पाठवलंय.