शब्दचर्चा: डोळा की कलिका, संदेश की संकेत?

विचारणा

द्राक्षाच्या ऑक्टोबर छाटणीवरचं एक माहितीपत्रक मराठीत आणते आहे. एका वाक्यापाशी दोन दिवस अडले आहे. सध्या ते असं झालंय: ‘सुप्त कलिकांमधील कॅटॅलेज या विकराच्या क्रियेस प्रतिबंध झाल्याने पेशीय संदेशनास चालना मिळून कलिकांची वृद्धी होते.’ व्याकरणाची चूक नाही, पण वाचून काहीच नजरेसमोर उभं राहत नाही. पत्रक नाशिककडच्या बागायतदारांच्या हातात जाणार आहे. यातला कुठला शब्द बदलू?

प्रतिसाद

ताई, काडीवर असतो तो डोळा. कलिका आम्ही कुणी म्हणत नाही, आणि कळी म्हटलं की मनात फूल येतं. उसाच्या टिपरीला डोळा, बटाट्याला डोळा, गुलाबावर कलम करायचं तर डोळा भरतात. सगळीकडे शब्द एकच.

दुसरं म्हणजे ‘वृद्धी’. छाटणी झाली की आम्ही हातमोजे घालून हायड्रोजन सायनामाइड या डोळे जागवणाऱ्या रसायनाचं पेस्टिंग करतो, जे डोळे फोडायचे तेवढ्यांनाच. मग डोळा आधी फुगतो, नंतर कापसतो, म्हणजे खवल्यांतून कापसासारखी लव बाहेर दिसते, त्यानंतर पोंगा, आणि मग पान उलगडतं. प्रत्येक टप्प्याला फवारणी वेगळी. तुमची ‘वृद्धी’ यातली कोणती?

प्रतिसाद

वनस्पतिशास्त्र शिकवण्यात माझी हयात गेली, तरी वरचा प्रतिसाद मला शंभर टक्के पटतो. मात्र कलिकेसाठी शास्त्रात ‘मुकुल’ हाही शब्द आहे, तो पार टाकून देऊ नका. द्राक्षाच्या एका डोळ्यात साधारण तीन मुकुल दाटीने बसलेले असतात, मधला मुख्य आणि शेजारी दोन राखीव. सहसा मुख्य फुटतो. तो मेला तर राखीव फुटतो, पण त्यावर घड कमी येतात. म्हणजे बाहेरून दिसतो तो डोळा, आणि धारदार पात्याने तो आडवा कापून भिंगाखाली धरला की दिसतात ते मुकुल. दोन वस्तू आहेत, दोन शब्द आहेत. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर सूक्ष्म घड तयार होतो तो या मुकुलातच. ऑक्टोबरला आपण फक्त त्याला बाहेर काढतो.

आता विकर. ज्या ग्रीक शब्दांवरून पाश्चात्त्यांनी एंझाइम हे नाव घडवलं त्यांचा अर्थ ‘खमिरातलं’. त्याला जवळचा आपला शब्द किण्व, पण त्याला आंबवण्याचा वास आहे आणि किण्वन म्हणजे आंबवणं हे आता पक्कं झालंय. विकर हा ‘कृ’ धातूचा, विकाराच्या कुळातला. जे बदल घडवतं ते. पाठ्यपुस्तकांमुळे तो रुळलाही आहे, तोच ठेवा. अडचण ‘क्रिया’ या शब्दात आहे. कॅटॅलेजची क्रिया म्हणजे हायड्रोजन पेरॉक्साइडचं पाणी आणि ऑक्सिजन करणं. ती किती वेगाने चालली आहे, हे मोजून सांगायचं असेल तर ‘क्रियाशीलता’ म्हणावं. पेस्टिंगनंतर डोळ्यात ती घटते, पेरॉक्साइड साचतं, आणि तिथून पुढची साखळी सुरू होते: सुप्तावस्था धरून ठेवणारं अॅब्सिसिक आम्ल मोडू लागतं, डोळ्याला जाग येते. ‘प्रतिबंध’ वाचलं की विकर कायमचं बंद पडलं असं वाटतं.

जाता जाता, पत्रकात एक ओळ जरूर घाला. पेस्टिंगमधलं हायड्रोजन सायनामाइड माणसाच्या शरीरात मद्य पचवणाऱ्या साखळीतलं एक विकर अडवतं. पेस्टिंगच्या आगेमागे दारू घेतली तर चेहरा लाल होतो, छाती धडधडते, प्रकृती गंभीर होऊ शकते. मजुरांना हे सांगितलंच पाहिजे.

आणि ‘संदेशन’. माझा खरा आक्षेप इथे आहे. संदेशाचा अर्थ संदेशातच असतो, कुणीही वाचावा. वनस्पतीत तसं चालत नाही. १९३३च्या सुमारास थिमन आणि स्कूग या वनस्पतिशास्त्रज्ञांनी बाकल्याच्या रोपाचा शेंडा खुडला, बगलेतले डोळे फुटू लागले. खुडलेल्या जागी ऑक्सिन हे वनस्पतीचं संप्रेरक लावलं तर ते दबून राहिले. तेच ऑक्सिन काडीच्या बुडाला लावा, मुळं फुटतात. रोपवाटिकेत कलमांना पावडर लावतात ती याच गटातली. संप्रेरक एक, आणि डोळा ऐकतो ‘थांब’, बूड ऐकतं ‘मूळ सोड’. अर्थ ऐकणाऱ्या पेशीत आधीपासून ठरलेला असतो.

याला मराठीत नेमका शब्द संकेत. संकेतस्थळ म्हणजे दोघांनी आधी ठरवलेली भेटीची जागा, साहित्यातला संकेत म्हणजे लेखक-वाचकांत आधीपासून मान्य असलेली गोष्ट. ठरलेलं असणं या शब्दाच्या पोटातच आहे. म्हणून पेशीसंकेत, आणि प्रक्रियेला संकेतन.

विचारणा करणारी

सर, संकेताचा हा पदर माझ्या लक्षातच आला नव्हता. पण एक शंका. संकेत म्हटलं की कुणीतरी मुद्दाम केला असं वाटतं. पेरॉक्साइड तर नुसतं साचलेलं आहे, कुणी पाठवलेलं नाही. तिथे ‘खूण’ नाही का बसणार?

प्रतिसाद

बसेल, आणि छान बसेल. शेंड्याकडून डोळ्यांवर वचक ठेवणाऱ्या ऑक्सिनला संकेत म्हणा, पेशीतल्या पेशीत चढलेल्या पेरॉक्साइडला खूण. शास्त्रीय लेखात मी दोन्हीला संकेतच म्हणेन, पण पत्रकात तुमचा फरक ठेवावा. तो खरा फरक आहे.

विचारणा करणारी

मग आता असं: ‘पेस्ट लावल्यावर डोळ्यातल्या कॅटॅलेज या विकराची क्रियाशीलता घटते. त्यामुळे पेशींत हायड्रोजन पेरॉक्साइड वाढतं. ही वाढ म्हणजे पेशींसाठी झोप संपल्याची खूण. मग डोळा फुगतो आणि कापसतो.’

प्रतिसाद

हे माझ्या वडिलांनाही वाचून दाखवता येईल, ताई. फक्त ‘डोळा’च्या जागी ‘पेस्ट लावलेला डोळा’ करा. न लावलेले बरेचसे तसेच बसून राहतात, आणि नवखा माणूस त्यांच्याकडे बघून घाबरतो.