मदत हवी आहे: सबवूफर फक्त खालचे सूर वाजवतो, मग गायकाचा आवाज मोकळा कसा होतो?

खर्जवेडा
नमस्कार मंडळी. दोन बुकशेल्फ स्पीकर (सव्वापाच इंची वूफर, म्हणजे खालचे-मधले सूर वाजवणारा भाग; मागे पोर्ट, म्हणजे हवेचं भोक) आणि एक एव्ही रिसिव्हर (अँप्लिफायर त्यातच) असा संच आहे. सिनेमे कमी, गाणी जास्त. धडधडाट मला मुळीच सोसत नाही, म्हणून सबवूफरच्या वाटेला कधी गेलो नाही. पण ज्यांनी जोडलाय ते सगळे सांगतात, "गळा सुटा ऐकू येतो." तो ८० हर्ट्झच्या खालचं वाजवणार, गाणं तर त्याच्या वर. मग हे कसं घडतं? की पैसे घातलेत म्हणून बरं वाटतं?

तंतुवाद्य
आधी एक करून बघा. स्पीकरची जाळी काढा आणि फोनवरून ४० हर्ट्झचा टोन लावा, आवाज अगदी कमी ठेवून. कोन (वूफरचा पुढचा शंकू) लटलट हलताना दिसेल, कानाला मात्र फारसं काही लागणार नाही. तेवढ्याच मोठ्या आवाजासाठी ८० हर्ट्झच्या मानाने ४० ला कोनाला चौपट हलावं लागतं. पोर्टवाला स्पीकर त्याच्या ट्यूनिंगच्या (पोर्ट ज्या सुराला साथ देतो त्याच्या) खाली गेला की कोनाला आवरणारं काही उरत नाही.

आता मुद्दा. टू-वे स्पीकरमध्ये (एक वूफर, एक ट्वीटर) ट्वीटर, म्हणजे वरचे सूर वाजवणारा छोटा भाग, साधारण दोन-तीन हजार हर्ट्झनंतर काम उचलतो. म्हणजे गाण्याचा बहुतेक भाग त्याच सव्वापाच इंची कोनातून येतो, जो बास गिटारच्या ४१ हर्ट्झच्या तारेपायी मागेपुढे धावतोय. गळा त्या धावपळीत सापडतो आणि गढूळ होतो. खालचं काम सबवूफरकडे गेलं की कोन जवळजवळ स्थिर राहतो. अँप्लिफायरलाही दम मिळतो, कारण सबवूफरचा अँप बहुधा त्याच्या पेटीतच असतो.

तेव्हा हा मनाचा खेळ नाही. मात्र रिसिव्हरमध्ये स्पीकर 'स्मॉल' करून क्रॉसओव्हर (ज्याखालचं सबवूफरकडे जातं ती सीमा) ८० ठेवलात तरच. 'लार्ज'वर राहिले तर त्यांच्याकडे सगळा बास जातच राहतो आणि वर सबवूफरची भर पडते. लोकांना नको असलेला धडधडाट बऱ्याचदा यातूनच येतो.

पायरी
+१. आणि आवाज बेताचा ठेवा. पहिल्या आठवड्यात सगळेच नॉब पिळतात.

खर्जवेडा
तंतुवाद्य, टोन लावून बघितला. कोन खरंच भीती वाटेल इतका हलतो! पटलं. सबवूफर ठेवू कुठे? कोपरा रिकामा आहे. आवाज एकाच बाजूने येतोय असं वाटणार नाही ना?

तंतुवाद्य
८० हर्ट्झच्या लाटेची लांबी ४.३ मीटर असते. एवढी लांब लाट कुठून आली हे कानांना नीट ओळखता येत नाही, म्हणून सबवूफर एका बाजूला असला तरी चालतो. क्रॉसओव्हर १२० वर नेलात तर मात्र जागा कळू लागते.

कोपऱ्यात बास वाढतो, पण खोलीचे गुंजणारे सूरही तिथेच सगळ्यात जोरात उठतात. सोपा उपाय म्हणजे सबवूफर तुमच्या बसायच्या जागी ठेवा, एकच बास ओळ पुन्हा पुन्हा लावा आणि भिंतीकडेने रांगत फिरा. दिसायला हास्यास्पद आहे, घरचे हसतील. जिथे प्रत्येक सूर सारख्या वजनाने ऐकू येईल तिथे सबवूफर ठेवायचा.

मग सबवूफरवरचं फेजचं बटण, त्याची लाट स्पीकरच्या लाटेशी जुळवणारं. ८० चा टोन स्पीकर आणि सबवूफर दोन्हींवर लावून ० आणि १८० मध्ये बदला. बसल्या जागी जिथे जास्त मोठा ऐकू येईल ते ठेवा.

खर्जवेडा
सोफा खोलीच्या बरोबर मध्यावर आहे. लांबी अंदाजे सव्वाचार मीटर. अडचण?

तंतुवाद्य
आहे. त्या लांबीला पहिला गुंजणारा सूर ४० हर्ट्झच्या आसपास येतो. भिंतींपाशी तो फुगतो, मध्यावर जवळजवळ नाहीसा होतो. तिथे नॉब कितीही फिरवा, तो खड्डा भरणार नाही. सबवूफर आणण्याआधी सोफा हात-दीड हात मागे घ्या, पण भिंतीला चिकटवू नका.

पायरी
सोफा हलवायला घरातून परवानगी मिळाली की कळवा. आमच्याकडे अजून फाइल पुढे सरकलेली नाही.