मदत हवी आहे: कळंब्याचा प्लॉट विकून दुबईत फ्लॅट घेतला तर कर पुढे ढकलता येतो का?

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलाय, पण बाबांच्या आयुष्यभराच्या कमाईचा आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

बाबा निवृत्त शिक्षक. १९९८ साली त्यांनी कोल्हापूरजवळ कळंब्यात सव्वा लाखाला एन.ए. (बिगरशेती) प्लॉट घेतला होता. आता गिऱ्हाईक मिळालंय, व्यवहार ९० लाखांच्या आसपास ठरतोय आणि खरेदीखत दिवाळीआधी करायचं बोलणं झालंय. राजारामपुरीतलं राहतं घर बाबांच्या नावावर आहे, बाकी मालमत्ता काही नाही.

मध्यंतरी ताराबाई पार्कातल्या एका हॉटेलात दुबईच्या नव्या इमारतींचा कार्यक्रम झाला. बाबा मित्रांबरोबर गेले आणि एक जाड, गुळगुळीत पुस्तिका घेऊन आले. मागच्या कोऱ्या पानावर एजंटनं निळ्या पेनानं हिशेब मांडून दिलाय: बांधकाम चालू असताना ६० टक्के, चावी मिळताना ४०, खाली भाड्याचा आकडा आणि त्याखाली दोन रेघा मारून ‘टॅक्स डिफर’. त्याचं म्हणणं, एक मालमत्ता विकून दुसरी घेतली की सरकार ती अदलाबदल धरतं, कर आत्ता मागत नाही, अमेरिकेत सगळे हेच करतात.

बाबांना हे लगेच पटलं, कारण आमचे दाजी न्यू जर्सीत असतात. त्यांनी तिथलं भाड्यानं दिलेलं घर विकून टेक्सासमध्ये दुसरं घेतलं, तेव्हा त्यांना खरोखरच कर भरावा लागला नव्हता.

मी दाजींना फोन लावला. ते म्हणाले, हे अमेरिकेच्या कायद्यातलं १०३१ कलम. विक्रीचे पैसे आपल्या हातात येतच नाहीत, मधल्या अधिकृत मध्यस्थाकडे राहतात. ४५ दिवसांत नवी मालमत्ता लेखी कळवायची, १८० दिवसांत ताब्यात घ्यायची. राहत्या घराला लागू नाही, आणि २०१८ पासून स्थावर सोडून दुसऱ्या कशालाच नाही. करही माफ होत नाही, जुन्या घराचा नफा नव्या घराच्या बोकांडी बसतो. त्यांनी सांगितलेली एक गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटली: अमेरिकेतली मालमत्ता देऊन परदेशातली घेतली तर हे कलम चालतच नाही. म्हणजे खुद्द दाजींनाही दुबईत हे जमलं नसतं, मग कोल्हापुरात राहून इथे कर भरणाऱ्या बाबांना कसं जमेल?

एजंटचं आणखी एक बोलणं मला खटकतंय. सगळी रक्कम आधीच तिकडच्या खात्यात पाठवा, हप्ता येईल तसा द्या. थोडी रक्कम इथेच रोख दिलीत तर तिकडे दिरहॅम मिळतील. बाबांना इसार लगेच द्यायचाय. त्यांना न दुखवता, पण ठाम आधारानं थांबवायचंय. जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद

ताई, तुमची शंका रास्त आहे. आपल्याकडे घर सोडून दुसरी दीर्घ मुदतीची मालमत्ता विकली की जुन्या क्रमांकाचं ५४एफ कलम लागू होतं. २०१४ च्या अर्थसंकल्पानं त्यात ‘भारतात’ ही अट स्पष्ट घातली. घर भारतात घेतलं तरच सूट, दुबईच्या फ्लॅटवर शून्य. नव्या आयकर कायद्यात कलमांचे आकडे बदललेत, अट तीच आहे.

बाबांचं एकच घर असल्यामुळे ते या सवलतीत बसतात. विक्रीनंतर दोन वर्षांत तयार घर घ्यायचं किंवा तीन वर्षांत बांधायचं. पूर्ण करसवलतीसाठी नुसता नफा नाही, विक्रीची सगळी निव्वळ रक्कम घालावी लागते. घर घ्यायचं नसेल तर सहा महिन्यांत ठरावीक सरकारी कंपन्यांचे रोखे, कमाल ५० लाख, पाच वर्षं अडकतात. बाकी नफ्यावर साडेबारा टक्के आणि वर उपकर, अधिभार. प्लॉट २३ जुलै २०२४ पूर्वीचा आहे, म्हणून महागाई निर्देशांक लावून २० टक्क्यांचा हिशेबही करून बघा; जो कमी निघेल तो भरायचा. खरेदी त्याआधीची असल्यानं सव्वा लाखाऐवजी २००१ च्या एप्रिलमधलं मूल्य धरता येतं; ते मूल्यांककाकडून काढून घ्या, त्यानं नफा बराच उतरतो.

प्रतिसाद

जमीन अजून शेतीची असेल तर करच नाही ना? आमच्या भावकीत असंच झालं.

प्रतिसाद

नाही हो, प्लॉट एन.ए. आहे. आणि शेतजमीन असती तरी कोल्हापूरच्या लोकसंख्येला महापालिकेच्या हद्दीपासून हवाई सहा किलोमीटरची मर्यादा लागते. कळंबा त्याच्या आतच, म्हणजे कर लागलाच असता.

प्रतिसाद

मी गडहिंग्लजचा, दुबईत नोकरीला. इथे घर घेणं वाईट नाही, पण रीतीनं घ्या. रोखीचं बोलणाऱ्याच्या दारातूनच परत फिरा, ती हवाला झाली, फेमात (परकीय चलनाच्या कायद्यात) सापडाल. पैसे बँकेतूनच, माणशी वर्षाला अडीच लाख डॉलरच्या मर्यादेत. दहा लाखांच्या वर बँक २० टक्के टीसीएस (आगाऊ गोळा केलेला कर) कापते. ८० लाख पाठवले तर १४ लाख. ते प्लॉटच्या करात वळते होतात, पण तोवर अडकतात. न वापरलेले पैसे १८० दिवसांच्या वर इथे नुसते ठेवता येत नाहीत, त्यामुळे ‘आधीच सगळे पाठवा’ हा सल्लाही चुकीचा. हप्ता बिल्डरच्या नाही, प्रकल्पाच्या एस्क्रो खात्यात (त्या बांधकामासाठीच राखलेल्या खात्यात) भरायचा, २००७ पासून तसा कायदाच आहे. भूमी विभागाची ४ टक्के नोंदणी फी पुस्तिकेत बहुधा बारीक अक्षरात असेल, बघा. दिरहॅम डॉलरला बांधलेला आहे, रुपया घसरला की प्रत्येक हप्ता वाढणार. आणि इथे भाड्यावर कर नसला तरी बाबा भारताचे रहिवासी, तिथे विवरणपत्रात भाडंही दाखवायचं आणि परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात फ्लॅटही. लपवला तर काळ्या पैशाच्या कायद्याखाली दहा लाखांचा दंड आहे.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री बाबांना हे वाचून दाखवलं. ‘भारतात’ या अटीपाशी त्यांनी चष्मा काढला आणि पुन्हा वाचायला लावलं. इसार थांबवलाय. त्यांना अजूनही दुबई हवी आहे, आणि ते पैसे त्यांचे आहेत, म्हणून सरसकट नाही म्हणणार नाही. पण आधी कर बाजूला काढू आणि रोखीचा विषय बंद. आता एकच विचारते: इथल्या सीएकडे पहिल्यांदा जाताना काय काय घेऊन जावं?

प्रतिसाद

९८ चं खरेदीखत, एन.ए. आदेश, सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड, कुंपण-विहिरीवर खर्च केला असेल तर पावत्या, बाबांची मागची विवरणपत्रं. आणि ती पुस्तिका, मागच्या पानासकट.