मदत हवी आहे : एकच कलम, दोन उलटे निकाल

नमस्कार मंडळी. एलएलबीच्या सेमिनारसाठी 'विद्यापीठातली शिकवण्याची भाषा आणि न्यायालयं' हा विषय घेतलाय आणि दक्षिण आफ्रिकेत अडकलोय.

तिथल्या राज्यघटनेचं कलम २९(२) सरकारी शिक्षणसंस्थांत आपल्या पसंतीच्या अधिकृत भाषेत शिकण्याचा हक्क देतं, पण 'वाजवीपणे शक्य असेल तिथे' एवढीच मुभा ठेवून. सगळी भांडणं या तीन-चार शब्दांवरच. स्टेलनबॉश विद्यापीठाने २०१६ च्या धोरणात इंग्रजीला अग्रक्रम दिला. आफ्रिकान्स (डचमधून आलेली तिथली एक अधिकृत भाषा) न येणाऱ्या, विशेषतः कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना वगळल्यासारखं होतं, हे कारण घटना न्यायालयाने २०१९ मध्ये मान्य केलं. युनिसाने (युनिव्हर्सिटी ऑफ साउथ आफ्रिका) मात्र आफ्रिकान्स माध्यम काढलं ते २०२१ मध्ये त्याच न्यायालयात घटनाबाह्य ठरलं!

मला वाटतं खरा फरक पुराव्याचा आहे : आफ्रिकान्समधून शिकवणं शक्य नाही हे युनिसाला दाखवता आलं नाही. की युनिसा दूरशिक्षण देतं, म्हणजे वर्गात कोणी वेगळं पडत नाही, हा मुद्दा जास्त वजनाचा? दोन्ही निकाल नीट वाचलेल्या कोणी सांगाल का?

आणखी एक. आपल्याकडचा १९६२ चा गुजरात युनिव्हर्सिटी खटला (गुजराती-हिंदी माध्यमाच्या सक्तीवरचा) या दोन निकालांच्या शेजारी ठेवणं बरोबर आहे का? तिथे वाद मुख्यतः केंद्र-राज्य अधिकारांचा, विद्यार्थ्याच्या हक्काचा नव्हे. (विद्यार्थी मराठी मातृभाषेचा आणि मागत होता इंग्रजी माध्यम, ही गंमत वेगळीच.) सरांना तुलना आवडेल, पण मला ती ओढूनताणून वाटते.

सेमिनार पुढच्या आठवड्यात आहे.