सुपर ८ फिल्मची रिळे डिजिटल करून घेण्यापूर्वी साफ कशी करावीत?

नमस्कार. वडिलांनी 1970च्या दशकात चित्रित केलेली सुपर ८ फिल्मची (घरगुती चित्रीकरणासाठीची 8 मिमी रुंद फिल्म) 11 रिळे रत्नागिरीच्या घरातील लोखंडी कपाटात सापडली असून, ती डिजिटल करून घेण्यापूर्वी त्यांची तयारी कशी करावी याबाबत जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे. प्रत्येक रीळ 50 फुटांचे, म्हणजे सेकंदाला 18 चौकटींच्या वेगाने जेमतेम 3 मिनिटे 20 सेकंदांचे आहे.

दोन डबे उघडताच व्हिनेगरसारखा आंबूस वास आला. अ‍ॅसिटेट या प्लास्टिकची फिल्म कोकणातील दमट हवेत विघटित होऊ लागल्याचे ते लक्षण असावे, म्हणून ती रिळे मी लगेच वेगळी ठेवली. प्रोजेक्टर घरात आहे, परंतु आकसलेल्या फिल्मची छिद्रे त्याच्या दात्यांवर फाटतील या भीतीने (मुलांचा आग्रह मोडून) तो लावलेला नाही.

उरलेल्या रिळांवरील धूळ व बुरशीचे ठिपके सुती हातमोजे घालून, धागे न सुटणाऱ्या कोरड्या कापडाने पुसावेत, की त्यासाठी शुद्ध आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरावे? एका रिळाच्या कडेला ध्वनीची चुंबकीय पट्टी आहे, तिला द्रवाने अपाय होईल का? फिल्मच्या तुकड्यांमधील सुटू लागलेले जुने जोड घरी नव्याने चिकटवावेत, की स्कॅन करणाऱ्यावरच सोपवावेत? वासाच्या रिळांना प्राधान्य द्यावे, असे मला वाटते.